खोगीर नवे, पण घोडीची पाठ काय सांगते?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, त्याची विचारपूस करायची ही जुनी रीत. जू नीट बसले नाही की बैलाचा खांदा सुजतो, हे खान्देशातल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घोड्याच्या पाठीची मात्र अशी विचारपूस होत नाही. खोगीर नवे आहे, चांगल्या कारागिराचे आहे, म्हणजे ते नीट बसणारच, असे आपण धरून चालतो. गडबड होते ती इथेच.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. शहादा तालुक्यातले हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. एकमुखी दत्ताच्या या यात्रेतला घोडेबाजार नावाजलेला. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा अशी जनावरे तिथे येतात. जळगाव-धुळ्याकडचे शौकीनही जातात आणि वरातीला घोडी लावून पोट भरणारेही जातात. घोडे घेताना माणूस दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे पाहतो, दोन दिवस भाव करतो. खोगीर घेताना मात्र रंग, पितळी फुले आणि गोंडे पाहिले की व्यवहार संपला.

एका घोडीवाल्याचा अनुभव

आमच्या ओळखीच्या एका घोडीवाल्याने लग्नसराईच्या तोंडावर नवे खोगीर करून घेतले. कारागीर नावाजलेला. त्याने घोडी पाहिली, वितीने माप घेतले, चार पैसे जास्तच घेतले. पहिल्या आठवड्यातच घोडी खोगीर पाहून कान मागे टाकू लागली. तंग आवळताना मान वळवून चावायला येऊ लागली. एरवी गरीब जनावर! घोडीवाला कारागिराकडे गेला आणि म्हणाला, ''भाऊ, खोगीर नवं शे, मंग घोडी का बरं आंग चोरस?'' उत्तर आले, ''आठ-पंधरा दिन वापर भाऊ, आपेआप बसी जाई.''

घरी येऊन त्याने खोगिराखाली घोंगडीची घडी घातली. तिसऱ्या आठवड्यात मानेच्या मुळाशी, पाठीच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी सूज आली. पुढे ती फुटली. ऐन सराईत घोडी दीड महिना ठाणावर उभी. घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागल्या आणि शब्द गेला तो वेगळाच. जखम भरली, पण त्या जागी पांढरे केस आले. केसाच्या मुळाला इजा झाली की असे होते आणि ते केस पुन्हा मूळ रंगाचे होत नाहीत. पुढे कधी घोडी बाजारात उभी केली, तर जाणता गिऱ्हाईक तो डाग पाहूनच भाव पाडणार.

चूक कोणाची? खोगिराचा आतला लाकडी सांगाडा अरुंद होता, ही कारागिराची. घोंगडी घातली, ही मालकाची. जोडा पायाला तंग होत असेल तर आपण जाड मोजे घालत नाही. तंग खोगिराखाली आणखी घडी घातली की ते आणखी तंग होते. आणि 'बसेल आपोआप' हे चामड्यापुरते खरे. लाकूड किंवा लोखंड घोड्याच्या पाठीवर बसत नाही, तिथे पाठच दबते.

कसे ओळखावे?

यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. हात आणि डोळे पुरतात.

एक : खाली काहीही न घालता खोगीर ठेवा. मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि खोगिराची कमान यांत, स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. पुढून डोकावले तर मागचा उजेड दिसला पाहिजे.

दोन : पाठीच्या कण्यावर भार नको. दोन्ही बाजूंच्या गाद्यांमधली वाट तीन-चार बोटे रुंद हवी. भार कण्यावर नाही, त्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर पडला पाहिजे.

तीन : गादीखाली पुढून मागे हात सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे आणि मागे घट्ट, मधे पोकळ असे असेल, तर सगळा भार चार ठिकाणीच पडतो आणि तिथेच पाठ लागते.

चार : खोगीर पुढे खांद्याच्या फऱ्यावर चढू नये, मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. त्यामागे कमरेला बरगड्यांचा आधार नसतो.

पाच : अर्धा-पाऊण तास चालवून खोगीर उतरवा आणि घाम पाहा. दोन्ही अंगांना सारखा घाम हवा. कण्यावरची पट्टी कोरडी राहिली तर हरकत नाही. पण गादीखालच्या ओल्या जागेत मधेच कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब इतका आहे की घामच सुटला नाही. विस्कटलेले केस म्हणजे तिथे खोगीर घासते. हात फिरवताना घोडे पाठ खाली दाबते का, तेही पाहा.

यातली एकही खूण दिसली तर खोगीर त्याच दिवशी बंद करा. जखमेची वाट पाहू नका.

कारागिराकडे जाताना

आपण काय करतो? खोगीर डोक्यावर घेऊन जातो, वाद घालतो आणि परत येतो. कारागीर म्हणतो, ''खोगिराला काय झालंय, दाखवा!'' खोगिराला काहीच झालेले नसते, झालेले असते ते घोडीला. म्हणून घोडी सोबत न्या. तेवढे अंतर नेता येत नसेल तर माप न्या. हातभर वाकेल अशी जाड तार घ्या. ती फऱ्याच्या मागे, पाठीवर आडवी दाबून बसवा, न हलवता उचला आणि पुठ्ठ्यावर तिची रेघ मारा. अशा तीन रेघा घ्या : फऱ्यामागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीजवळ. पुठ्ठ्यावर तारीख घाला. घामाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. मग बोलणे रागाचे राहत नाही, मापाचे होते.

दोष कुठे आहे त्यावर इलाज ठरतो. भरती कमी-जास्त किंवा गोळा झालेली असेल तर ती काढून पुन्हा भरता येते. आपल्या भाषेत 'खोगीरभरती' म्हणजे मिळेल ते कोंबणे. खऱ्या खोगिरात हेच चालत नाही. चिंध्यांचा एक गोळा राहिला तरी तो पाठीत खड्यासारखा रुततो. तंगाचे पट्टे चुकीच्या जागी असतील तर तेही बदलता येतात. पण सांगाडाच अरुंद असेल तर भरतीने तो सुधारत नाही. तिथे सांगाडा बदलून घ्या किंवा पैसे परत मागा.

कारागिराची बाजूही ध्यानात घ्यावी. घोड्याची पाठ बारा महिने एकसारखी राहत नाही. दिवाळीनंतर चाऱ्यावर भरलेली घोडी उन्हाळ्यात उतरते, वाढीच्या वयात तर अंग सहा महिन्यांत बदलते. भरतीही वापराने दबते. म्हणून वर्षातून एकदा तरी खोगीर तपासून घ्यावे, आणि एका घोड्याचे खोगीर दुसऱ्यावर टाकू नये.

नवे खोगीर करायला टाकतानाच चिठ्ठी करा : कोणत्या घोडीसाठी, काय माप, किती दिवसांत दुरुस्ती फुकट. थोडी रक्कम चालवून पाहिल्यावर देण्याचे ठरवा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. तरीही दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घोडी धंद्याला लावलेली असली तरी तो धंदा स्वतः करून त्यावरच पोट भरत असाल, तर कायद्याने तुम्ही ग्राहकच. १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला घेता येतो.

जखम झालीच तर

पूर्ण विश्रांती, हाच पहिला इलाज. मिठाच्या स्वच्छ पाण्याने धुवा, माश्या बसू देऊ नका. जळके ऑइल, बॅटरीचे पाणी असले उपाय नकोत. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून उघड्या जखमेला पशुवैद्यकाला दाखवून इंजेक्शन घ्याच. १९६२ हा पशुसेवेचा टोल फ्री क्रमांक आहे.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी हेही ध्यानात ठेवावे. जखमेमुळे कामाला लायक नसलेल्या जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलो, गाढवावर ५० किलो आणि खेचरावर २०० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ ओझ्याचे काम घेता येत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा रोजच त्याच्या वर असतो. सातपुड्याच्या पाड्यांवर धान्य वाहणाऱ्या तट्टांच्या पाठीवर गोंडे नसतात, पण खोगिराचे नियम तेच.

तो घोडीवाला आता दर वरातीनंतर घोडीच्या पाठीवरून दोन्ही तळवे फिरवतो आणि मगच जेवायला बसतो. दोन मिनिटांचे काम आहे. यंदा सारंगखेड्याला खोगीर घ्यायला जाल तेव्हा गोंडे नंतर पाहा. आधी घोडी सोबत न्या आणि खोगीर तिच्या पाठीवर ठेवून खाली हात घाला.