दैनंदिन वापरातील मोटारसायकलच्या सस्पेन्शनची जुळवणी : एक विवेचन

प्रस्तावना :
मोटारसायकलच्या सस्पेन्शनला मराठीत 'निलंबन' म्हणावे, तर महाविद्यालयीन अध्यापकांस त्या शब्दाचा निराळाच अर्थ आधी आठवतो. व्यवहारात 'शॉकअप' हाच शब्द रूढ आहे. महाराष्ट्रात १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल हे अनेक कुटुंबांचे एकमेव वाहन असते. सकाळी तिच्यावर एकटा चालक असतो, तर सायंकाळी मागे पत्नी, पुढे मूल आणि हँडलला भाजीची पिशवी. भार असा बदलत असताना मागील शॉकअपची खाच मात्र गाडी विकत घेतली त्या दिवशी होती तीच राहते. प्रस्तुत लेखात या जुळवणीमागील तत्त्व स्पष्ट केले आहे.

प्रीलोडविषयीचा गैरसमज :
मागील शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचा असलेली एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग भार येण्यापूर्वीच काहीशी दाबली जाते. यालाच प्रीलोड म्हणतात. 'खाच वाढवली की शॉकअप कडक होतो' ही समजूत सर्वत्र आढळते, परंतु ती शास्त्रीयदृष्ट्या अपुरी आहे. हूकच्या नियमानुसार स्प्रिंगचा स्थिरांक खाच बदलल्याने बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची.

हिशेबाच्या सोयीसाठी दोन्ही स्प्रिंगा मिळून एकच स्प्रिंग चाकावर सरळ उभी आहे आणि तिला १ मिमी दाबण्यास २० न्यूटन बल लागते, असे मानू. प्रीलोड १० मिमी आणि भार ८०० न्यूटन असल्यास स्प्रिंग एकूण ४० मिमी दबेल, म्हणजे गाडी ३० मिमी खाली बसेल. मागे माणूस बसून भार १३०० न्यूटन झाला, की गाडी ५५ मिमी बसते. चाकाची एकूण हालचाल ९० मिमी धरली, तर खड्ड्यासाठी केवळ ३५ मिमी उरतात. प्रीलोड २५ मिमी केल्यास हेच अंतर ५० मिमी होते. स्प्रिंग तीच, रस्ताही तोच. फरक पडतो तो मागे बसलेल्या व्यक्तीच्या पाठीच्या कण्याला. अंतर संपले की शॉकअप आतील रबरावर आदळतो आणि तो धक्का थेट तिच्यापर्यंत पोचतो. तिच्या हाती धरावयास हँडल नसते, आणि पुढचा खड्डाही तिला दिसत नाही.

मागील बाजू अधिक दबल्यास पुढील चाकावरील भार घटतो, वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. याउलट हलक्या चालकाने सर्वांत वरची खाच ठेवल्यास चाक उंचवट्यावरून उडते व रस्त्यावरील पकड सुटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंमी व रुंदी ३.७ मीटर दिली आहे. प्रत्यक्षात गल्लोगल्ली आढळणारे अरुंद उंचवटे पाहता हा मुद्दा केवळ सैद्धांतिक राहत नाही.

मोजमाप :
गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागील चाक अधांतरी असताना आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून, चालक नेहमीप्रमाणे बसला असता तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक एकूण हालचालीच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असावा. दोन्ही बाजूंची खाच समान असणे अत्यावश्यक आहे. टायरमधील हवा आधी तपासावी. मायलेजच्या लोभाने ती वाजवीपेक्षा जास्त भरली असेल, तर बसणाऱ्या दणक्यांचा दोष विनाकारण शॉकअपला दिला जातो.

पुढील शॉकअप :
तेलाच्या साहाय्याने हेलकावे शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ व आर १७ या गाड्यांवर आणला. आजच्या साध्या गाड्यांत तत्त्व तेच आहे, मात्र बहुधा त्यास जुळवणीची सोय नसते. येथे काळजी घ्यावयाची ती तेलाची. हँडल जोराने खाली दाबून सोडल्यावर पुढील बाजू एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती झुलत राहिल्यास तेल निकृष्ट झाले आहे वा कमी झाले आहे, असे समजावे. नळीवर तेलाचा ओला थर दिसल्यास सील त्वरित बदलावे, कारण डिस्क ब्रेकच्या गाडीत हे तेल ओघळून डिस्कवर जाऊ शकते.