संगीताची शिक्षा

माळव्यातील आपल्या मराठी घरांना ‘शिक्षा’ या शब्दाइतके दुसऱ्या कोणत्या शब्दाने क्वचितच हसविले असेल. हिंदीत ‘संगीत की शिक्षा’ म्हणजे संगीताचे शिक्षण. शब्दापुढे शब्द ठेवून त्याचे मराठी केले की ‘संगीताची शिक्षा’ होते. आणि शेजारच्या घरातील नवशिक्याची पेटी रोज पहाटे ऐकणाऱ्यास ते भाषांतर अगदीच चुकले असे वाटतही नाही! पण हा विनोद घरापुरता ठीक. आपली मुले इंदूर, देवास, धार येथे हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात आणि पुढे पुष्कळशी पुण्यामुंबईकडे जातात, तेव्हा त्यांच्या कागदांवरील शब्द तेथे निराळ्याच अर्थाने वाचले जातात. लिपी एक, शब्द बहुतेक संस्कृतातले, म्हणून भाषांतर करावे असे कोणास वाटतच नाही; आणि घोटाळा होतो तो नेमका तेथेच.

आम्हा गाणाऱ्यांना ही गोष्ट चांगली परिचयाची आहे. दक्षिणेकडील गायक ‘तोडी’ म्हणतो तेव्हा आपल्या तोडीचे स्वर कानात धरून बसणारा श्रोता फसतो. त्या तोडीचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे असतात. रागाचे नाव ऐकून नव्हे, तर स्वर ऐकून राग ओळखावा, हा धडा पहिल्या वर्षीच शिकावा लागतो.

धार जिल्ह्यातील निसरपूरची एक विद्यार्थिनी माझ्याकडे गाणे शिकत असे. पुढील शिक्षणासाठी तिला महाराष्ट्रात जावयाचे होते आणि तिच्या कागदांचे मराठी करून देण्याचे काम मजकडे आले. “हिंदी तो सब समझते हैं, सर,” असे तिचे वडील म्हणाले. मी त्यांना एकेक कागद दाखवीत गेलो. ‘अंकसूची’ म्हणजे गुणपत्रिका, येथवर सोपे होते. पुढचा कागद ‘स्थानांतरण प्रमाणपत्र’. त्याचे ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ करण्याचा मोह कोणासही होईल. पण महाराष्ट्रात त्या नावाचा कागद वेगळाच असतो. तो परीक्षा मंडळ किंवा विद्यापीठ देते, आणि मध्य प्रदेशात त्याला ‘प्रव्रजन प्रमाणपत्र’ म्हणतात. मराठी वाचकाला प्रव्रजन म्हणताच भगवी वस्त्रे आठवावयाची! मुलीच्या हातातला कागद होता आपला साधा ‘शाळा सोडल्याचा दाखला’. एक कागद मागितला असता दुसरा पुढे केला, तर खिडकीवरचा कारकून अर्ज परत करतो आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

तिसरा शब्द ‘माध्यमिक’. मध्य प्रदेशात माध्यमिक शाळा म्हणजे सहावी ते आठवी. महाराष्ट्रात ‘माध्यमिक शालान्त’ म्हणजे दहावी. आठवीच्या कागदाने दहावी झाल्याचा भास व्हावा, इतके हे अंतर आहे. चौथा शब्द ‘स्वाध्यायी’. बारावीच्या वर्षी ही मुलगी शाळेत नाव न घालता, घरी अभ्यास करून परीक्षेस बसली होती. मराठी पाठ्यपुस्तकात ‘स्वाध्याय’ म्हणजे धड्याखालचे प्रश्न. तेव्हा ‘स्वाध्यायी विद्यार्थिनी’ या शब्दांचा तेथे काहीच बोध होणार नाही. ‘खाजगीरीत्या परीक्षेस बसलेली’ असे मी लिहिले. महाराष्ट्रातील कोणतीही आई त्याला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बसणे म्हणेल. त्या कागदांवर ज्या जुन्या निसरपूरचे नाव होते, ते २०१९ साली सरदार सरोवर भरले तेव्हा पाण्याखाली गेले. गाव गेलेल्या मुलीजवळ आपली ओळख पटविण्यास कागदच उरतात. त्यांवरील शब्द तरी सरळ पोहोचावेत.

ही अडचण आपल्याच नशिबी आलेली आहे असे मात्र नव्हे. स्पॅनिशमधील ‘कोलेहिओ’ हा शब्द इंग्रजी ‘कॉलेज’चा सख्खा भाऊ दिसतो, पण सामान्यतः त्याचा अर्थ शाळा. ‘बाचिलेरातो’ पाहून इंग्रज वाचकाला बॅचलरची पदवी आठवते. स्पेनमध्ये मात्र ते सोळा वर्षांनंतरचे दोन वर्षांचे शालेय शिक्षण, म्हणजे आपली अकरावी-बारावी. कोस्टारिकातील विद्यापीठांत त्याच नावाने खरोखरीची पदवी मिळते. भाषा तीच असून देश बदलला की अर्थ बदलतो; आपल्या ‘माध्यमिक’चीही तीच तऱ्हा.

उलट्या बाजूने एक शब्द आपोआप जुळून आला आहे. विद्यापीठाच्या व्हाइस-चॅन्सेलरला मध्य प्रदेशात ‘कुलपति’ म्हणत आणि महाराष्ट्रात ‘कुलगुरू’. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे चॅन्सेलर, राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत कायद्याने राज्यपाल. कुलपतींनी सही केली असे येथे छापून आले की तेथील वाचक राज्यपालांची सही समजावयाचा. २०२४ साली मध्य प्रदेश सरकारने ‘कुलपति’ बदलून ‘कुलगुरु’ केले आणि एक खड्डा बुजला. बाकीचे आपल्यालाच बुजवावे लागतील.

संस्थानी काळात हे काम आपल्या लोकांनी केलेले आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ‘सयाजीशासन-शब्दकल्पतरू’ १९३१ साली निघाला. त्यात राज्यकारभारातील एकेका इंग्रजी शब्दासमोर अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेले आहेत. त्या मांडणीचा खरा लाभ हा की, एकाच कामाला कोणत्या भाषेत काय म्हणतात हे एका ओळीत दिसते.

आपल्या मराठी मंडळांनी शाळा-कॉलेजाच्या शब्दांपुरती अशी एक वही करावयास काय हरकत आहे? एका रकान्यात येथला शब्द, दुसऱ्यात तेथला, आणि तिसऱ्यात मुलाचे वय, इयत्ता व तो कागद कोण देतो हे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तेथे स्वर लिहिलेले असतात. यात हिंदीला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तिच्याच अंगणात आपल्या पिढ्या वाढल्या. नातवंडे ‘माझी शिक्षा इंदुरात झाली’ म्हणाली तर घरी आपण हसावे. अर्जात मात्र त्यांना ‘शिक्षण’च लिहावयास लावावे.