वेला : रत्नागिरीच्या सागरतीरी शिकलेला एक शब्द

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की मुंबईचा चाकरमानी कोकणची वाट धरतो. कोकण रेल्वेच्या डब्यात पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. त्याच गर्दीत अलीकडे आणखी एक प्रवासी दिसू लागला आहे. सकाळी गणपतीपुळ्याचे दर्शन, दुपारी रत्नदुर्ग, सायंकाळी थिबा राजवाडा आणि रात्री परतीची गाडी, असा त्याचा बेत असतो. रत्नागिरी कशी वाटली असे विचारावे, तर तो म्हणतो, "गाव सुंदर, पण फार सुस्त. दुपारी दुकानेसुद्धा बंद!" हे ऐकले की आम्हांस हसू येते आणि किंचित लाजही वाटते. कारण एके काळी आम्ही हेच बोललो होतो, आणि ते शब्द आम्हांस परत घ्यावे लागले होते.

ही गोष्ट १९९४ सालच्या गणेशोत्सवातली. आम्ही भीमाकाठचे, पंढरीचे; नदीच्या माणसाला समुद्राची ओळख कोठून असणार? आंबा घाटातून एस.टी.ने उतरून, रत्नागिरीनजीक खाडीकाठच्या एका वाडीत आम्ही कीर्तनास गेलो होतो. रात्री साडेनऊची वेळ ठरलेली. आम्ही फेटा बांधून, झांजा हाती घेऊन उभे. पेटीवाले, तबलजी सज्ज. आणि समोरची बैठक रिकामी! दहा वाजले, अकरा वाजले. अखेर आमचा राग अनावर झाला. यजमानांना आम्ही म्हणालो, "तुमच्या गावाला वेळेची किंमत नाही. देवाच्या कार्याला तरी आळस नसावा." ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बुवा, एक होडी यायची हाय. भरती लागल्याबिगर ती खाडीत शिरत नाय. तवर मानसा घाटावरून हलायची नायत."

आम्ही त्यांच्यामागून किनाऱ्यावर गेलो. अंधारात सारी वाडी उभी होती. शेजारच्या मोहल्ल्यातील मुसलमान बायाही त्यांत होत्या, कारण होडीवर दोन्हीकडचे लोक होते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वर येतो. घाई करून होडी आत घातली, तर ती त्यावर आपटून फुटते. म्हणून बाहेर ती थांबली होती आणि आत हे थांबले होते. कोणी रडत नव्हते, कोणी ओरडत नव्हते. एक कंदील तेवढा उंच धरलेला होता. मध्यरात्र उलटल्यावर पाणी चढू लागले आणि काळोखातून वल्ह्यांचा आवाज आला. त्या रात्री ओल्या अंगाने माणसे कीर्तनास बसली. पहाटेच्या आरतीपर्यंत एकही उठला नाही. पूर्वरंगासाठी तयार केलेले पांडित्य आम्ही बाजूस ठेवले. उभे राहून वाट पाहण्याचे निरूपण त्या मंडळींनी आमच्याआधीच केले होते.

परत आल्यावर अमरकोश उघडला. लहानपणी पाठ केलेला 'वेला' हा शब्द त्या दिवशी प्रथम समजला. वेला म्हणजे समुद्राच्या पाण्याचा चढउतार. वेला म्हणजे काळ. आणि वेला म्हणजे मर्यादा. मर्यादा म्हणूनच तिचा अर्थ किनारा असाही होतो. आपण मराठीत 'वेळ' म्हणतो, तो हाच शब्द. घड्याळ पाहून ठरते, ती आपली वेळ. पाणी चढून येते, ती त्यांची. दोहोंपैकी कोणती जुनी, हे वाचकांनीच ठरवावे.

रत्नदुर्गावर उभे राहिले, म्हणजे ही मर्यादा डोळ्यांना दिसते. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी सागरात शिरलेला आहे. वर भगवतीचे देऊळ, खाली काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटा. एका अंगास मांडवीची काळसर वाळू, तर दुसऱ्या अंगास पांढरा समुद्र. एवढ्याशा अंतरात सागराने दोन वस्त्रे नेसावीत, हे कौतुक पाहण्यासारखे आहे.

किनारा असा रांगडा, पण गाव मात्र सौम्य. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांवर शेवाळ, पलीकडे माडपोफळी, आणि दुपारच्या भोजनोत्तर निजलेली आळी. टिळक आळीतील ज्या कौलारू घरात लोकमान्यांचे बालपण गेले, ते आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. पुण्यात १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाचे रोप ज्यांनी वाढीस लावले, त्या तेजस्वी पुरुषाचा जन्म १८५६ साली या सुस्त म्हणविल्या जाणाऱ्या गावाच्या मातीत व्हावा, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी आणि मावळता सूर्य दिसतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली हिरावून घेतले आणि पुढल्या वर्षी त्याला येथे आणून ठेवले. आज आपण पाहतो तो राजवाडा त्याला १९१० साली मिळाला. १९१६ साली येथेच त्याने देह ठेवला. सुमारे तीस वर्षे तो या समुद्राकडे पाहत राहिला, पण त्याची होडी आली नाही. राजवाड्याच्या ओसरीत उभे राहताना हे आठवले, म्हणजे मन गलबलते. गावाने मात्र त्या परमुलखातील राजाचे नाव आपल्या टेकडीला देऊन ठेवले.

परंतु वाट पाहण्याचीही दोन रूपे आहेत. भरतीसाठी थांबणे ही उपासना; आणि देवाच्या दारी माणसाला थांबवून ठेवणे हे पाप. रत्नागिरीने हा भेदही दाखविला आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत येथे स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांच्या प्रेरणेने आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याची द्वारे सर्व हिंदूंना जातिभेदाविना खुली झाली. तेथील लक्ष्मीनारायणासमोर हात जोडताना आम्हां पंढरपूरकरांची मान खाली जाते. आमच्या विठुरायाच्या राउळात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळाला तो १९४७ साली, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वाराशी असूनही आम्हांस इतकी शतके लागली! ज्या विषयात थांबू नये, त्यात आम्ही थांबलो. आणि जेथे थांबावे, तेथे आज घाई करीत आहो.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्यास जाणारा रस्ता पंचवीसएक किलोमीटरांचा. कधी तो डोंगराच्या कडेवर चढतो, तर कधी पुळणीला बिलगून धावतो. 'पुळण' म्हणजे वाळूचे मैदान; संस्कृतातील 'पुलिन' तेच. त्या पुळणीवरचे गाव ते पुळे. येथील स्वयंभू गणेश पश्चिमेकडे, सागराकडे मुख करून आहे. डोंगर हेच देवाचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, तर सबंध डोंगराला घालावयाची. त्या वाटेवर घाई चालत नाही. एका बाजूस झाडी, दुसऱ्या बाजूस लाटांचा घोष, आणि मुखी नाम. गावाची एक परंपराही मनोज्ञ आहे. येथे घरोघर गणेशमूर्ती आणीत नाहीत. भाद्रपद चतुर्थीस ग्रामस्थ देवळातच जातात आणि गाभाऱ्यात जाऊन आपल्या हातांनी देवाची पूजा करतात. साऱ्या गावाचा एकच गणपती!

भाविकांना एक कळकळीची विनंती. पुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही. तळाशी ओढ आहे, आणि भाद्रपदात त्याचा पावसाळी आवेश पुरता उतरलेला नसतो. दर्शन आटोपून घाईघाईने पाण्यात उतरलेल्या अनेकांचे येथे प्राण गेले आहेत. गावकरी थांबा म्हणाला, तर थांबावे. तो आळसाने बोलत नाही. वेला जाणून बोलतो. घरी कोणी आपलीही वाट पाहत असते.

यंदा चतुर्थीस कोकणात जाणे झाले, तर एक दिवस जास्त काढावा. दुपारी ओसरीवर टेकावे, यजमानीणबाईंच्या हातचे उकडीचे मोदक सावकाश खावेत, रात्री अंगणातली जाखडी पाहावी, आणि संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसून पाणी चढताना पाहावे.

त्या रात्री कीर्तन संपल्यावर, पंढरीचे म्हणून एका कोळीणीने आमच्या पायांवर डोके ठेवले. तिचा मुलगा त्या होडीवर होता. ती म्हणाली, "बुवा, तुमचा इठोबा पण उभाच हाय ना?" आम्ही निरुत्तर झालो. पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू असताना वीट भिरकावली आणि देवाला थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, वेळेचा हिशेब मागितला नाही. कटीवर कर ठेवून उभा राहिला. ती कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली होती. तिचा अर्थ मात्र आम्हांस खाडीकाठी, भरतीची वाट पाहणाऱ्या माणसांत उभे राहून कळला.