घरची भाषा आणि लेखणीची भाषा : कादंबरीकार आनंदा देवी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. भाषा मात्र घरोघरी होत्या तेथेच राहिल्या. भालकी, औराद किंवा आळंद येथील मूल घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते आणि बाजारात दखनीने व्यवहार करते. पुढे ते कन्नडात लिहू लागले, की ते मराठीला पारखे झाले असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे पाहण्यासाठी मॉरिशस बेटावरील फ्रेंच कादंबरीकार आनंदा देवी यांचा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मॉरिशसवर १८१० पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती. पुढे ती इंग्रजांकडे गेली, तरी फ्रेंच भाषा टिकून राहिली. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले; त्यांत भोजपुरी, तमिळ व तेलुगू भाषकांबरोबर कोकणातील मराठी कुटुंबेही होती. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले, तेव्हा तेथील शिक्षण इंग्रजीत, वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरची बोली क्रिओल, अशी स्थिती होती.

अशा बेटावर १९५७ साली तेलुगू वंशाच्या कुटुंबात आनंदा देवींचा जन्म झाला. लंडन येथे त्यांनी सामाजिक मानवशास्त्राचे अध्ययन केले; कादंबरीसाठी मात्र फ्रेंच भाषा पत्करली. तथापि, त्या कादंबऱ्यांत घर कोणाचे आहे, हे पाहण्याजोगे आहे. ‘ल व्वाल द द्रोपादी’ (१९९३) या कादंबरीच्या नावातच द्रौपदीचे वस्त्र आहे. तीतील अंजलीचा मुलगा आजारी पडतो, आणि त्याच्या जिवासाठी तिने निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत करावे, असा आग्रह तिच्यापाशी धरला जातो. ‘पागली’ (२००१) मधील विवाहिता दया एका क्रिओल कोळ्यावर प्रेम करते आणि वेडी ठरते. फ्रेंच पुस्तकाला दिलेले हे नाव आपल्याला भाषांतरावाचून कळते! ‘एव्ह द से देकोंब्र’ (२००६) मध्ये पोर्ट लुईच्या दरिद्री वस्तीतील चार तरुण मुले आपली कहाणी स्वतःच सांगतात. आनंदा देवींना २०२४ चे नॉयस्टाट आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

भाषा परकी म्हणून अनुभव परका होत नाही, हे यावरून दिसते. किंबहुना घरातील ज्या गोष्टी घरच्या भाषेत उच्चारणे जड जाते, त्या दुसऱ्या भाषेत बोलता येत असतील, असे आम्हांस वाटते. पण याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या घरांतून या कथा आल्या, त्या घरांच्या तेलुगूला त्या मिळाल्या नाहीत. ही उणीव लेखिकेची नव्हे. जी भाषा घराबाहेर वाचायला मिळत नाही, तिच्यात लेखक घडणे कठीणच.

आपल्या हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, कन्नड व हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. त्यांना एक भाषा निवडण्याची सक्ती कोणी केली नाही. शिक्षकबंधूंनी हाच आदर्श समोर ठेवावा. कन्नडात लिहिणाऱ्या मराठी मुलास दूषण देऊ नये. त्याच्या हाती एक चांगले मराठी पुस्तक मात्र अवश्य द्यावे. निवड त्याने करावी. पण निवडण्याजोगे काही त्याच्यापुढे असले पाहिजे, आणि ते ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.