प्लेटलेटच्या आकड्याची तीस वर्षं

दिल्लीत 1996 साली डेंग्यूची मोठी साथ आली, चारशेहून अधिक माणसं दगावली. प्लेटलेट हा तोवर डॉक्टरांच्या बोलण्यातला शब्द होता. पुढच्या काही पावसाळ्यांत तो महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचला. नातेवाईक आल्या आल्या विचारू लागले, "डॉक्टर, पेशी किती झाल्या?" आकडा लाखाखाली उतरला की शहरातल्या दवाखान्यात हलवायची घाई, पन्नास हजारांखाली गेला की रक्तपेढीकडे धाव. रुग्ण लघवीला कधी गेला होता, हे मात्र कुणी सांगत नसे.

या धास्तीमागे एक जुना दंडक आहे. 1962 मध्ये गेडोस, फ्रायराइश आणि मँटेल या अमेरिकी संशोधकांनी ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये प्लेटलेट आणि रक्तस्राव यांचा संबंध तपासला. अमुक आकड्याखाली धोका एकदम वाढतो, अशी रेषा त्यांना दिसली नव्हती. तरीही वीस हजारांची मर्यादा रूढ झाली आणि कॅन्सरच्या वॉर्डातून डेंग्यूच्या खाटेपर्यंत आली. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरून रक्तदाब कोसळल्यामुळे. ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, तेच एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये धोक्याच्या खुणा ठळक मांडल्या: पोटात दुखत राहणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा तगमग, हिमॅटोक्रिट चढत असताना प्लेटलेट झपाट्याने घसरणं. यातली एक खूण दिसली तरी रुग्णाला दाखल करावं, मग प्लेटलेट ऐंशी हजार का असेनात. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सिंगापूर-मलेशियातला अभ्यास आला. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या प्रौढांना खबरदारी म्हणून पिशव्या चढवूनही रक्तस्राव कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. पिशवी टिकते जेमतेम पाच दिवस. कारण नसताना ती चढवणं म्हणजे केमोथेरपी घेणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याची ती काढून घेणं, असं मी स्पष्टच म्हणेन.

डेंग्यूच्या गलबल्यात बाकीची कारणं झाकली गेली, याची मला अधिक चिंता वाटते. रुग्ण ठणठणीत आणि आकडा वीस हजार, असं दिसलं तर आधी स्लाइड पाहावी; ईडीटीएच्या नळीत प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्र कमी मोजतं. तापानंतर अंगभर लाल ठिपके उठलेलं, एरवी खेळतं मूल बहुधा आयटीपीचं असतं आणि बरंही होतं. पण सोबत फिकेपणा, वाढलेल्या गाठी किंवा स्लाइडवर ब्लास्ट पेशी असतील, तर रक्तविकारतज्ज्ञाकडे तातडीने पाठवायला हवं. तुटक्या लाल पेशी आणि बरळणं एकत्र दिसलं तर टीटीपीचा संशय धरून प्लाझ्मा एक्स्चेंजची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी. प्लेटलेट कमी असलेल्या गरोदर बाईला वरच्या पोटात दुखत असेल, रक्तदाब चढला असेल, तर तिलाही त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात.

आणि सोबतच्या चिठ्ठीत "प्लेटलेट कमी" एवढंच नको. आधीचे आकडे तारखांसह, हिमॅटोक्रिट, रक्तदाब, लघवी, चालू औषधं आणि कुठून रक्त येतंय, हे सगळं लिहावं.