दुग्धत्यागी रुग्ण आणि आपली औषधपेटी

चार वर्षांपूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षिका माझ्या चिकित्सालयात आल्या. हातापायांना मुंग्या येणे, तळपायांना बधिरता आणि विलक्षण थकवा या त्यांच्या तक्रारी होत्या. मांसाहार त्यांनी तरुणपणीच सोडला होता. एका गोठ्यात नर वासरांची होणारी उपासमार प्रत्यक्ष पाहिल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, दूध, दही, तूपही त्यांनी वर्ज्य केले होते. वय व लक्षणे पाहून मी वातव्याधीचे निदान केले आणि योगराज गुग्गुळ सुरू केला.

दोन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा उपशय नव्हता. जाताना त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, या गोळ्या तुपात कुटतात असं परवा वाचलं. तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात केलेल्या रक्ततपासणीत जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत कमी आढळले. एकाच रुग्णाच्या बाबतीत माझ्या हातून दोन प्रमाद घडले होते. त्यांचा नियम मी नकळत मोडला आणि त्या नियमामुळे संभवणारा धोकाही ओळखला नाही. प्रस्तुत लेख या दोन प्रमादांतून उद्भवला आहे.

शास्त्राची भूमिका

आपले शास्त्र कोणत्याही एका आहारपंथाचे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात अग्र्य द्रव्ये सांगताना जीवनीयांत दुधाला आणि बृंहणीयांत मांसाला श्रेष्ठ मानले आहे. त्याच सूत्रस्थानाच्या ३० व्या अध्यायात प्राणवर्धक भावांमध्ये अहिंसेला सर्वोत्कृष्ट म्हटले आहे. म्हणजे द्रव्याचे गुण सांगताना आचार्यांनी नीतीची भीड धरली नाही आणि नीती सांगताना द्रव्यगुणांची सबब पुढे केली नाही. वैद्याने हाच विवेक ठेवावा. दुग्धत्यागी रुग्णाची थट्टा करू नये. त्याचबरोबर बदामाच्या किंवा सोयाबीनच्या दुधाला गोदुग्धाचे गुण चिकटवू नयेत. ती स्वतंत्र द्रव्ये आहेत व त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

आरोग्याच्या दृष्टीने पाहता चित्र संमिश्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रियायुक्त मांसाचा समावेश निश्चित कर्करोगकारक वर्गात केला. उलट, इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या दीर्घकालीन पाहणीत २०२० मध्ये असे दिसले की, मांस व दूध दोन्ही न घेणाऱ्यांत खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण मांसाहारी लोकांपेक्षा दुपटीहून अधिक होते. त्याग हितकर ठरू शकतो. मात्र त्याची पूर्ती केली नाही, तर तो अस्थी व मज्जा यांच्या मुळावर येऊ शकतो.

बी-१२ चा प्रश्न

वनस्पतिज आहारातून बी-१२ विश्वसनीय प्रमाणात मिळत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून लक्षणे उशिरा दिसतात. परंतु आपल्याकडे मुळात हा साठाच तोकडा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी आढळले होते. अशा व्यक्तीने दूधही सोडले, तर उरलासुरला आधार जातो. पालेभाज्या व डाळींतील फोलेटमुळे पांडुत्व झाकले जाते आणि नाडीतंतूंची हानी मात्र चालू राहते. ही लक्षणे वातव्याधीसारखीच दिसतात व आपली गफलत होते ती येथेच.

स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नये. त्यातील बी-१२ सदृश घटक बहुतांशी शरीराला निरुपयोगी असतो. औषधी स्वरूपातील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. त्यामुळे ते घेण्यास तत्त्वतः अडचण नाही; गोळीचे आवरण मात्र पाहून घ्यावे. अस्थिपोषणासाठी नाचणी, तीळ व राजगिरा यांचा आहारात आवर्जून समावेश करावा.

औषधपेटीची झडती

त्या प्रसंगानंतर मी माझी औषधपेटी नव्याने तपासली. सिद्ध घृते उघडच प्राणिज आहेत. च्यवनप्राशात तूप व मध असतो. शंख भस्म व प्रवाळ पंचामृत यांची मूळ द्रव्ये प्राणिज आहेत. लाक्षादि गुग्गुळातील लाख कीटकजन्य आहे. शोधनसंस्कार तर सहज नजरेआड होतो. गंधकाचे शोधन दूध-तुपात आणि वत्सनाभाचे गोमूत्रात अथवा दुधात करण्याची पद्धत आहे. साध्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे हाडे व कातडी यांपासून केलेले असते.

पर्याय कमी नाहीत. चतुर्विध स्नेहांपैकी तैल हा स्थावर स्नेह आहे. दोष, ऋतू व कोष्ठ पाहून स्नेहपानासाठी त्याची योजना करता येते. क्वाथ, चूर्णे व गुळावर संधान केलेली आसवारिष्टे बहुधा चालतात. अनुपान म्हणून दुधाऐवजी कोष्ण जल देता येते. जेथे घृतच इष्ट आहे, तेथे तसे स्पष्ट सांगावे आणि निर्णय रुग्णावर सोपवावा.

औषधनिर्मात्या व विक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. वीगन अन्नपदार्थांसाठी २०२२ मध्ये नियम व बोधचिन्ह आले. ते औषधांना लागू नाहीत. म्हणून वेष्टनावरील घटकांच्या यादीबरोबरच शोधनद्रव्य, भावनाद्रव्य व कॅप्सूलचे कवच यांची माहिती दुकानात उपलब्ध ठेवावी. ग्राहकाने विचारल्यास अंदाजाने “चालेल” असे सांगू नये.

ज्यांचा त्यागाचा विचार पक्का आहे, पण आरंभ व्हायचा आहे, त्यांना पादांशिक क्रम सांगावा. शास्त्रातील हा क्रम अहितकर सवयींच्या त्यागासाठी असला, तरी चिरसात्म्य आहार एकाएकी सोडल्यास होणारा असात्म्यजन्य त्रास टाळण्याचे तत्त्व येथेही उपयोगी पडते.

त्या शिक्षिकांना बी-१२ ची सूचिका सुरू केली व तूपविरहित औषधयोजना केली. मुंग्या थांबल्या, बधिरता थोडी उरली आहे, ती कदाचित राहीलही. त्यांचा नियम अखंड आहे. तेव्हापासून माझ्या रुग्णपत्रकात प्रकृती व अग्नी यांच्या शेजारी एक प्रश्न वाढला आहे: “कोणता पदार्थ आपण नियमाने वर्ज्य केला आहे?” आपणही तो वाढवावा, एवढेच सुचवावेसे वाटते.