जुन्या डिझेल गाडीला आरपीएम मीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओतूरहून माळशेज उतरून मुरबाड-कल्याणकडे जाणारा भाजीपाला असो, की मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणारे प्रवासी. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर हा भार वर्षानुवर्षे डिझेल गाड्यांनी वाहिला आहे. १९८६ साली आलेली टाटा ४०७, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, प्यूजोच्या रचनेचे इंजिन असलेल्या महिंद्राच्या जीप ही त्यातली ओळखीची नावे. अशा बहुतेक जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर वेग, डिझेल आणि तापमान कळते. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते आहे, ते कळत नाही. त्यासाठीचा आरपीएम मीटर नंतर बसवून घेता येतो. पण कुणी त्याला शोभेची वस्तू समजतो, तर कुणी मायलेज वाढवणारे यंत्र. माझ्या मते घाटात चालणाऱ्या जुन्या डिझेलला या मीटरची सर्वाधिक गरज उतारावर असते. ती भागायची तर सिग्नल योग्य जागेवरून घेतलेला आणि आकडा मोजून जुळवलेला हवा.

गैरसमज : गव्हर्नर असताना मीटर कशाला?

फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागले की पंपातला गव्हर्नर डिझेल तोडतो, हे खरे. पण त्याच्या हातात फक्त इंधन आहे. भरलेली गाडी गियरमध्ये घाट उतरते तेव्हा चाकेच इंजिनाला फिरवतात. इंधन आधीच बंद असल्याने गव्हर्नरला तोडायला काही उरत नाही. समजा, तिसऱ्या गियरमध्ये इंजिन २,४०० फेऱ्यांवर आहे आणि वेग कमी न करताच दुसरा गियर टाकला. दुसऱ्याचे गुणोत्तर तिसऱ्याच्या दीडपट असेल, तर क्लच सोडताच फेरे ३,६०० होतील. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून फेरे दीडपट झाले की तो ताण सव्वादोनपट होतो. फार वरच्या फेऱ्यांवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही व्हॉल्व्ह वेळेवर बसवू शकत नाहीत. इंजिन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरावे, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात. घाट गियरमध्येच उतरायला हवा. खालचा गियर टाकण्याआधी वेग किती कमी करायचा, याचा अंदाज मीटरवरून बांधता येतो.

गैरसमज : मुरलेल्या ड्रायव्हरला कान पुरेसा असतो

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सपाटीवर आणि चढावर तो बराचसा खरा आहे, कारण ओढ कमी झाली की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. पण डिझेलचा ओळखीचा खडखडाट ज्वलनातून येतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सिलिंडरमध्ये डिझेल जाणे थांबते, ज्वलन थांबते आणि तो खडखडाटही थांबतो. म्हणजे फेरे वाढण्याचा धोका असतो, तेव्हाच कानाची सवयीची खूण नाहीशी होते. पावसाळ्यात माळशेजला वारा, पाऊस आणि ताडपत्रीची फडफड यांची त्यात भर पडते. शिवाय कानाला फरक कळतो, आकडा कळत नाही. गाडी किंवा सायलेन्सर बदलला की अंदाज नव्याने बांधावा लागतो.

गैरसमज : बाजारातला कोणताही मीटर चालतो

पेट्रोल गाडीचा साधा मीटर इग्निशन कॉइलचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ते फेऱ्याला दोन पडतात. डिझेलमध्ये ठिणगीच नसते, त्यामुळे हे ठोकेही नसतात. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत आकडा देणारा ईसीयूही नसतो. म्हणून सिग्नल बहुधा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून घेतात. तिथे डायोडच्या आधीचा, फेऱ्यांबरोबर बदलणारा विद्युतप्रवाह मिळतो. अल्टरनेटरला १२ ध्रुव, म्हणजे ६ जोड्या असतील आणि तो इंजिनाच्या दुप्पट फिरत असेल, तर १,००० फेऱ्यांना २०० हर्ट्झ मिळतात. पुली बदलून गुणोत्तर २.२ झाले की तेच २२० होतात आणि मीटर दहा टक्के जास्त दाखवतो. बेल्ट घसरला तर उलटे होते: इंजिन वर असताना काटा खाली दिसतो आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. म्हणून आयडलला आणि २,००० च्या आसपास, क्रँक पुलीवर चमकती पट्टी लावून फोटो-टॅकोमीटरने आकडे ताडून घ्यावेत. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मोजणारा चुंबकीय सेन्सर बेल्टवर अवलंबून नसल्याने जास्त भरवशाचा. मात्र तो बसवण्याचे काम मोठे आहे.

गैरसमज : मायलेज वाढते, पण अल्टरनेटर जातो

मीटर स्वतः थेंबभरही डिझेल वाचवत नाही. इंजिनाची ओढ ज्या फेऱ्यांवर सर्वाधिक, त्याच्या आसपास गियर बदलण्याची सवय लागली तर बचत होते आणि ती सवय चालकाची असते. ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून मीटर इतका किरकोळ प्रवाह घेतो की अल्टरनेटरवर जाणवण्याइतका भार येत नाही. खरी भीती निष्काळजी वायरिंगची आहे. मीटरला पुरवठा देणाऱ्या वायरीला छोटा फ्यूज हवा, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवा आणि वायर तापलेल्या मॅनिफोल्डपासून दूर हवी. इंजिन, चासी किंवा आरसी बुकातली कोणतीही नोंद या मीटरने बदलत नाही. फक्त मूळ स्पीडोमीटर जागेवर आणि चालू राहायला हवा.

तेव्हा मीटर घेण्याआधी अल्टरनेटरला ‘डब्ल्यू’ टर्मिनल आहे का, ते पाहावे आणि फेऱ्यांचे गुणोत्तर जुळवता येणारा, डिझेलसाठीचाच मीटर मागावा. कंपनीच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा काट्याच्या तबकडीवर लाल रंगाने नोंदवावी. बेल्ट, पुली किंवा अल्टरनेटरचे काम झाले की आकडा पुन्हा ताडून पाहावा. एवढी शिस्त पाळणार नसाल, तर मीटर न बसवलेला बरा, कारण घाटात चुकीचा आकडा खोटा धीर देतो.